आईच्या वंशावळीवरून नाकारलेला प्रवेश: लंडनच्या ज्यू शाळेचा खटला

हे प्रकरण का निवडलं

यहुदीद्वेषाची व्याख्या कायद्यात कशी बसवायची, यावर युरोप-अमेरिकेत गेली काही वर्षं जोरदार वाद चालू आहे. मे २०१६ मध्ये बुखारेस्टला इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेम्बरन्स अलायन्स या आंतरसरकारी संस्थेने एक कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या सरकारने ती मान्य केली. मार्च २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी तिला पर्याय म्हणून जेरुसलेम जाहीरनामा पुढे आणला. तेव्हापासून चर्चा एकाच ठिकाणी अडून बसली आहे: इस्रायलवरची टीका कुठे संपते आणि ज्यूंचा द्वेष कुठे सुरू होतो.

इथे मांडलेलं प्रकरण त्याआधीचं आहे. त्यात इस्रायलचा संबंध नाही आणि कुणाच्या मनात द्वेषही नव्हता. एका ज्यू शाळेने एका मुलाला 'आमच्या नियमानुसार तू ज्यू नाहीस' असं सांगून प्रवेश नाकारला, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा वांशिक भेदभाव ठरवला. भेदभावविरोधी कायदा नेमका कोणता प्रश्न विचारतो, हे या प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसऱ्या कुठल्याच खटल्यात दिसलेलं नाही. व्याख्यांच्या वादात उतरण्याआधी ते वाचायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मुलाची ओळख न्यायालयानेच झाकून ठेवली. निकालपत्रात तो 'एम' आहे आणि त्याचे वडील 'ई'. इथेही तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

जेएफएस, म्हणजे पूर्वीची ज्यूज फ्री स्कूल, ही लंडनमधली जुनी शाळा. मूळ १७३२ चं. आज ती वायव्य लंडनमध्ये केंटनला आहे आणि सरकारी अनुदानावर चालते. शाळेचं नाव मोठं, त्यामुळे दरवर्षी जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त. जागा कमी पडल्या की शाळेचा नियम लागू व्हायचा: ज्यांना प्रमुख रब्बींचं, म्हणजे ऑर्थोडॉक्स (सनातनी) ज्यूंच्या मुख्य धर्मगुरूंचं, कार्यालय ज्यू मानतं, त्याच मुलांचा विचार होईल.

ऑर्थोडॉक्स धर्मशास्त्रानुसार आई ज्यू असेल तर मूल ज्यू. आई जन्माने ज्यू नसेल, तर मुलाच्या जन्मापूर्वी तिने ऑर्थोडॉक्स पद्धतीने धर्मांतर केलेलं असलं पाहिजे. घरात प्रार्थना होते का, मूल सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, जातं का, हे इथे विचारातच येत नाही. ज्यू आईचं मूल उघड नास्तिक असलं तरी त्याला दार खुलं असे. आई 'चुकीची' असेल तर मूल कितीही श्रद्धाळू असो, ते बाहेर.

एमचे वडील जन्माने ज्यू. आई इटालियन, आधी रोमन कॅथलिक. एमच्या जन्मापूर्वी तिने ज्यू धर्म स्वीकारला होता, पण एका स्वतंत्र, पुरोगामी सिनेगॉगच्या रब्बीकडून. प्रमुख रब्बींच्या कार्यालयाला ते धर्मांतर मान्य नव्हतं. एम वडिलांबरोबर मासोर्ती या ऑर्थोडॉक्सांहून वेगळ्या ज्यू पंथाच्या सिनेगॉगमध्ये जायचा, हिब्रूत प्रार्थना करायचा. सप्टेंबर २००७ च्या सातवीच्या प्रवेशासाठी त्याने अर्ज केला आणि तो नाकारला गेला. त्याच सुमारास याच शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलीलाही असाच नकार मिळाला होता. तिच्या आईचं धर्मांतर तर इस्रायलमध्ये ऑर्थोडॉक्स धर्मपीठासमोर झालेलं होतं. कार्यालयाने तेही ग्राह्य धरलं नाही.

मराठी वाचकाला हा आईच्या वंशावळीचा तपास अनोळखी नाही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींनी तो सोसला आहे. पेण, अलिबाग, रेवदंड्याकडे तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपल्याकडे शनिवार तेली म्हणत, त्याच समाजातल्या लोकांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या रब्बी मंडळाने आदेश काढून लग्नाच्या वेळी आईकडच्या पिढ्यांची चौकशी लावली. मागे जाता येईल तितकं मागे जाऊन. शतकानुशतकं शब्बाथ आणि सुंता पाळत आलेल्या माणसांना 'तुमची पणजी कोण?' असं विचारलं गेलं. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं जाहीर केलं, आणि रब्बी मंडळाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. तिथे तोडगा राजकीय दबावाने निघाला. लंडनमध्ये तो कायद्याच्या कलमातून काढावा लागला.

प्रश्न नेमका काय होता

त्या वेळी ब्रिटनमध्ये दोन कायदे एकमेकांशेजारी उभे होते. १९७६ च्या रेस रिलेशन्स ॲक्टनुसार रंग, वंश, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ यांपैकी कशाच्याही आधारावर केलेला भेदभाव बेकायदा. दुसरीकडे २००६ च्या इक्वॅलिटी ॲक्टने धर्मावरून भेदभावाला बंदी घातली, पण धार्मिक शाळांना प्रवेशात सवलत दिली. जागा कमी असतील तर आपल्या धर्माच्या मुलांना त्या प्राधान्य देऊ शकत होत्या.

म्हणजे सगळा खटला एका उत्तरावर लोंबकळत होता. एमला धर्मावरून नाकारलं, असं ठरलं तर शाळा सुटली. वांशिक मुळावरून नाकारलं, असं ठरलं तर शाळा अडकली, आणि तीही पूर्णपणे. कारण इंग्लिश कायद्यात प्रत्यक्ष वांशिक भेदभावाला समर्थन चालत नाही. हेतू कितीही चांगला असला तरी तो ऐकला जात नाही.

ज्यू हा धर्म की वंश, या प्रश्नाचं उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवलं होतं: दोन्ही. १९७९ मध्ये न्यूझीलंडच्या अपील न्यायालयात एका नाझी कार्यकर्त्याच्या ज्यूविरोधी पत्रकांचा खटला चालला. ज्यू हा समान वांशिक मुळाचा समूह आहे, असं त्यात ठरलं. त्या निकालाचा आधार घेऊन १९८३ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय) पगडी घालणाऱ्या एका शीख मुलाला न्याय दिला. बर्मिंगहॅमच्या एका खाजगी शाळेने पगडीमुळे त्याला प्रवेश नाकारला होता. दीर्घ सामायिक इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा असलेला समूह वांशिक समूह ठरू शकतो, अशी कसोटी तिथे घातली गेली. ज्यूंच्या संरक्षणासाठी घडवलेली कसोटी शिखाच्या कामी आली, आणि पंचवीस वर्षांनी तीच एका ज्यू शाळेच्या विरोधात उभी राहिली.

कुणापुढे कोणते पर्याय होते

शाळेला तीन वाटा होत्या. नियम तसाच ठेवून न्यायालयात लढणं ही पहिली. दुसरी, एमसारख्या धर्म पाळणाऱ्या कुटुंबांसाठी नियमात जागा करणं. तिसरी, वंशावळ सोडून धर्माचरण मोजणं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेला धर्मपीठाचा अडसर होता. मूल ज्यू आहे की नाही हे आचरणावर ठरत नाही, हीच तर ऑर्थोडॉक्स श्रद्धा. शाळेने ती सोडायची म्हणजे आपल्या धर्माचा गाभा सरकारी अनुदानासाठी बदलायचा, असं त्यांना वाटलं. हे वाटणं मी हलक्यात घेणार नाही. त्यात ढोंग नव्हतं.

वडिलांपुढची निवड जास्त अवघड होती. मुलाला दुसऱ्या शाळेत घालून गप्प बसता आलं असतं. लढायचं ठरवलं तर 'माझ्या मुलाला वांशिक कारणावरून नाकारलं' असं ज्यू समाजाच्या सगळ्यात प्रतिष्ठित शाळेविरुद्ध सांगावं लागणार होतं, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत. ते लढले. प्रवेशाचं अपील फेटाळलं गेल्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

न्यायालयांनी काय केलं

जुलै २००८ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मन्बी यांनी मुख्य मुद्द्यावर शाळेची बाजू घेतली. फरक धर्मशास्त्राने केला, म्हणून तो धार्मिक, असं त्यांचं म्हणणं.

जून २००९ मध्ये अपील न्यायालयाने ते एकमताने उलटवलं. न्यायमूर्ती सेडली यांनी उलटा प्रश्न टाकला: एखाद्या ख्रिस्ती शाळेने धर्मशास्त्राचा हवाला देऊन, श्रद्धाळू ख्रिस्ती असलेल्या मुलाला केवळ त्याचं कुटुंब मूळचं ज्यू आहे म्हणून नाकारलं, तर आपण काय म्हणू? उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. हेतू सद्भावनेचा असो की दुष्टपणाचा, धर्मशास्त्राचा असो की वर्चस्वाचा, त्याने बेकायदेशीरपणा कमीही होत नाही आणि वाढतही नाही, असं त्यांनी लिहिलं. मला या प्रकरणातला सगळ्यात नेमका युक्तिवाद हाच वाटतो, कारण तो नाकारलेल्या मुलाच्या जागी ज्यूंना ठेवून पाहायला लावतो.

मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. हे न्यायालय १ ऑक्टोबर २००९ ला सुरू झालेलं, म्हणजे अगदी नवं. नऊ न्यायाधीश बसले. १६ डिसेंबर २००९ ला निकाल आला: पाच विरुद्ध चार, प्रत्यक्ष वांशिक भेदभाव. चारपैकी लॉर्ड होप आणि लॉर्ड वॉकर यांना तो प्रत्यक्ष भेदभाव वाटला नाही, पण अप्रत्यक्ष भेदभाव त्यांनी मान्य केला, म्हणजे वरवर सगळ्यांना सारखा, पण एका समूहाला जास्त फटका देणारा नियम; त्याचं समर्थन मात्र मांडता येतं. म्हणजे शाळेची बाजू पूर्णपणे उचलून धरणारे दोघेच उरले, लॉर्ड रॉजर आणि लॉर्ड ब्राउन.

बहुमताचा तर्क समजायला एका जलतरण तलावाची गोष्ट उपयोगी पडते. ईस्टली गावातल्या नगरपालिकेच्या तलावावर पेन्शनच्या वयाच्या लोकांना पोहणं फुकट होतं. तेव्हा पेन्शनचं वय बायकांना ६० आणि पुरुषांना ६५. एकसष्ट वर्षांचं एक जोडपं तिथे गेलं. बायकोला फुकट सोडलं, नवऱ्याकडून ७५ पेन्स घेतले. पालिकेचा हेतू वृद्धांना मदत करण्याचा होता, पुरुषांशी तिचं काही वैर नव्हतं. तरीही १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा लिंगभेद ठरवला, कारण लावलेली कसोटीच लिंगावर आधारलेली होती. हाच धागा बहुमतातल्या न्यायाधीश लेडी हेल आणि इतरांनी एमच्या प्रकरणात पुढे नेला. शाळेने 'का' नाकारलं, याचं उत्तर धर्मशास्त्रात असेल. पण 'कशावरून' नाकारलं, याचं उत्तर एकच: त्याची आई ज्या मुळाची होती त्यावरून.

बहुमतातल्याच लॉर्ड फिलिप्स यांनी निकालात एक गोष्ट आवर्जून नोंदवली. शाळेच्या धोरणावर नैतिक ठपका ठेवायचा नाही, आणि सर्वसामान्य अर्थाने ते धोरण वंशवादी आहे असं तर अजिबात म्हणायचं नाही. त्यांनी हेही लिहिलं की प्रत्यक्ष भेदभावाला समर्थनाची सोयच नसणं हा कदाचित आपल्या कायद्यातला दोष असेल. लॉर्ड रॉजर यांचा विरोध जोरकस होता. इतर धर्मांच्या शाळा आपल्या धर्माच्या व्याख्येप्रमाणे मुलं निवडू शकतात आणि ज्यू शाळांना मात्र ते जमणार नाही, यात कुठेतरी काहीतरी चुकलं आहे, असं त्यांचं म्हणणं. बहुमताशी मी सहमत आहे, पण रॉजर यांच्या या वाक्याला बहुमताच्या निकालपत्रांत पुरेसं उत्तर मिळालेलं नाही.

परिणाम

शाळेने धर्माचरणाची कसोटी आणली. कुटुंब सिनेगॉगमध्ये किती येतं, मूल धर्मशिक्षण घेतं का, समाजकार्यात भाग घेतं का, यावर गुण. ऑर्थोडॉक्स ज्यू शब्बाथला लिहीत नाहीत, त्यामुळे शनिवारची हजेरी नोंदवायची कशी, हाच सिनेगॉगांपुढे प्रश्न झाला. कधी फारसे न दिसणारे पालक मुलांना घेऊन शनिवारी येऊ लागले. ख्रिस्ती शाळांच्या बाबतीत हा प्रकार ब्रिटनला ओळखीचा होता. ज्यूंना नवा होता.

यात एक नुकसान झालं, ते नोंदवायला हवं. जुन्या नियमाने एमसारख्यांना बाहेर ठेवलं, पण धर्म न पाळणाऱ्या ज्यू घरांना आत घेतलं. ज्यांचं ज्यूपण फक्त आजी-आजोबांच्या आठवणींत उरलं होतं, अशांची मुलं या शाळेत जाऊन पुन्हा समाजाशी जोडली जात. नव्या कसोटीत त्यांनाही गुण कमवावे लागले.

व्याख्येच्या वादाला हे प्रकरण काय सांगतं

आता २०१६ ची व्याख्या एमच्या प्रकरणाला लावून पाहा. ती यहुदीद्वेषाला ज्यूंविषयीची एक विशिष्ट धारणा म्हणते, जी द्वेषाच्या रूपात प्रकट होऊ शकते. पुढे अकरा उदाहरणं. शेवटी भेदभावावर एक वाक्य: इतरांना मिळणाऱ्या संधी किंवा सेवा ज्यूंना नाकारणं. एमला संधी नाकारली गेली, हे खरं. पण तो ज्यू होता का? वडिलांच्या आणि त्याच्या सिनेगॉगच्या मते होता, प्रमुख रब्बींच्या कार्यालयाच्या मते नव्हता. व्याख्या या जागी गप्प आहे. जेरुसलेम जाहीरनामा ज्यूंविरुद्ध 'ज्यू म्हणून' होणाऱ्या भेदभावाबद्दल बोलतो. एमला ज्यू नाही म्हणून नाकारलं होतं. तिथेही तो बसत नाही.

१९७६ च्या कायद्याला मात्र तो ज्यू आहे की नाही हे ठरवावंच लागलं नाही. कुणाच्या मनात काय होतं हेही तपासावं लागलं नाही. कुठल्या आधारावर वगळलं, एवढंच त्याने विचारलं. म्हणून मला काळजी वाटते ती अशी: द्वेषाची व्याख्या भेदभावाच्या कायद्यात दरवाजासारखी बसवली, तर आधी द्वेष सिद्ध करा, मग आत या, असं तक्रारदाराला ऐकावं लागेल. नोकरी नाकारलेल्या, घर भाड्याने न मिळालेल्या ज्यू माणसाला आज जे सिद्ध करावं लागत नाही, ते उद्या सिद्ध करावं लागेल. २०१६ ची व्याख्या स्वतःला कायद्याने बंधनकारक नसलेली म्हणवते, आणि ते शहाणपणाचं आहे. घटनांची नोंद ठेवायला, पोलिसांना आणि शाळांना प्रशिक्षण द्यायला ती उपयोगी आहे. पुरावा म्हणून, संदर्भ म्हणून न्यायालयाने ती जरूर पाहावी. कायद्यातल्या 'कशावरून' या प्रश्नाच्या जागी मात्र तिला बसवू नये.

याची दुसरी बाजूही आहे. २०१३ मध्ये ब्रिटनच्या एका रोजगार न्यायाधिकरणापुढे प्राध्यापकांच्या संघटनेविरुद्ध दावा आला. इस्रायलवरच्या बहिष्काराच्या चर्चा आणि यहुदीद्वेषाची तेव्हाची युरोपीय व्याख्या नाकारणारा संघटनेचा ठराव, यामुळे ज्यू सदस्याचा छळ झाला, असा आरोप होता. न्यायाधिकरणाने दावा फेटाळला. इस्रायलशी जवळीक हा ज्यूपणाचा अंगभूत, संरक्षित भाग नाही, असं त्याने म्हटलं. अनेक ज्यूंना ते वाक्य लागलं, आणि त्यांचं दुखणं मला समजतं. कुणाचं कुटुंब तिथे आहे, कुणाचे नातेवाईक होलोकॉस्टमधून वाचून तिथे पोहोचले. पण याचा उपाय मला व्याख्येत दिसत नाही. छळाच्या कलमात आधीच असलेला प्रश्न न्यायाधिकरणांनी अधिक बारकाईने विचारायला हवा: हे वर्तन या माणसाच्या ज्यू असण्याशी जोडलेलं होतं का, आणि त्याच्यासाठी वातावरण अपमानास्पद झालं का?

वेगळं काय करता आलं असतं

शाळेने २००७ मध्येच एमच्या कुटुंबाशी बोलून नियमात जागा केली असती, तर हा निकाल कदाचित आलाच नसता. लॉर्ड होप यांनी शाळेला दोष दिला तो याच मुद्द्यावर: आपल्या धोरणाचा फटका एमसारख्या मुलांना किती बसतो आणि तो कमी करता येईल का, याचा तिने विचार केल्याचं कुठे दिसत नाही. जागा कमी असताना काही टक्के जागा धर्म पाळणाऱ्या, पण कार्यालयाने न मानलेल्या मुलांसाठी ठेवल्या असत्या, तरी चित्र बदललं असतं. प्रत्यक्ष भेदभावाच्या तर्कापुढे तेही टिकलं असतं का, हा प्रश्न उरतोच. पण भांडण न्यायालयात जाण्याची निकड उरली नसती.

न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभावाचा मार्ग घेतला असता, तर शाळेला बाजू मांडायची संधी राहिली असती आणि एमलाही न्याय मिळाला असता. होप आणि वॉकर यांची ही वाट मला मानवी पातळीवर भावते. तिचा धोका असा की 'आमचं धर्मशास्त्र असं सांगतं' हे उत्तर वंशावळीच्या प्रत्येक कसोटीला ढाल म्हणून वापरता आलं असतं.

सगळ्यात मोठी संधी संसदेकडे होती. निकालानंतर चार महिन्यांत, ८ एप्रिल २०१० ला, नवा इक्वॅलिटी ॲक्ट मंजूर झाला. विधेयक समोर होतं, फिलिप्स यांनी दोषाकडे बोट दाखवलेलं होतं. 'वांशिक मूळ' या शब्दांची व्याप्ती संसदेने आकसली असती, तर ज्यू शाळांचा प्रश्न मिटला असता. ती तशीच राहिली. आणि भारतीयांच्या दृष्टीने इथे एक वेगळीच गोष्ट घडली. भारतातून ब्रिटनला नेलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईने मालकांविरुद्ध दावा केला होता आणि त्यात जातीवरून भेदभावाचा मुद्दा होता. कायद्यात 'जात' हा शब्द नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये रोजगार अपील न्यायाधिकरणाने तो मुद्दा काढून टाकायला नकार दिला: 'वांशिक मूळ' यात वंशपरंपरा येते, आणि जात तिथे बसू शकते. आधार घेतला गेला तो एमच्या निकालाचा. पुढच्या वर्षी त्या बाईला किमान वेतनाच्या फरकापोटी सुमारे १,८४,००० पौंड मंजूर झाले. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने जात हा शब्द कायद्यात घालण्याचा बेत सोडला, कारण हा निकालच पुरेसा आहे असं त्याचं म्हणणं होतं. ज्यू शाळांच्या सोयीसाठी संसदेने २०१० मध्ये ते दोन शब्द आवळले असते, तर जातीच्या मुद्द्यासाठी त्या बाईच्या वकिलांच्या हाती फारसं काही उरलं नसतं.